अनोळखी नाणे हातात आले तर: आधी कड, मग वर्ष, शेवटी चेहरा

खानदेशात जुने घर पाडायला काढले, की फडताळातून पत्र्याचा एखादा डबा हमखास निघतो. जॉर्ज राजाचा रुपया, भोकाचा पैसा, आखातातून परतलेल्या कोणाच्या खिशातले दिरहम आणि दोन-चार नाणी अशी, की ती कुठली हे घरात कोणालाच सांगता येत नाही. सातपुड्यातल्या बायकांच्या गळ्यातल्या नाण्यांच्या हारांतही रुपयांच्या जोडीला मधूनच एखादे परदेशी नाणे ओवलेले असते. असे नाणे हाती आले की बहुतेक जण चेहरा बघून ‘हा कोणता राजा?’ इथून सुरुवात करतात. तिथेच फसायला होते. चेहरे एकसारखे दिसतात, झिजतात आणि नक्कल करणाऱ्यालाही तेच सगळ्यात सोपे जातात. कडेवरच्या खाचा, आकड्यांचे वळण आणि वर्षाखालचा ठिपका यांच्याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. नाणे ओळखायचे असेल तर या बारीक गोष्टींपासूनच सुरुवात करा.

साहित्य थोडके लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग (सराफ वापरतात तसा लूप, जळगावच्या सराफ बाजारात चौकशी केली तर मिळून जातो), ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्यास मोजायला डिजिटल व्हर्निअर, एक चांगले चुंबक आणि तिरपा उजेड पाडता येईल अशी टॉर्च. काटा खरा आहे का हे पाहायला जपानचे १ येनचे नाणे जवळ ठेवावे. ते शुद्ध ॲल्युमिनियमचे असून वजन बरोबर १ ग्रॅम आणि व्यास २० मिलिमीटर असतो, त्यामुळे काटा आणि व्हर्निअर दोन्हींची परीक्षा एकाच नाण्यात होते.

त्याआधी एक सूचना, आणि ती कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. नाणे घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, दात घासायची पेस्ट, काहीही लावू नका. तांब्या-पितळेची भांडी लखलखीत करायची आपली सवय नाण्याच्या मुळावर येते. जी बारीक खूण शोधायची असते ती नाण्याच्या सर्वांत वरच्या थरात असते आणि घासताना आधी तोच थर जातो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या.

पहिले काम: मोजमाप आणि चुंबक

वजन, व्यास आणि चुंबकाला चिकटते की नाही, हे तीन आकडे कागदावर उतरवून घ्या. नुमिस्टासारख्या ऑनलाइन सूचीत वजन आणि व्यास टाकून शोध घेता येतो. नाण्यावरचे एक अक्षरही वाचता येत नसले तरी यादी खूप छोटी होते. गळ्यातल्या हारातल्या नाण्याला कडी झाळलेली असेल तर वजन वाढते आणि भोक पाडलेले असेल तर घटते. अशा वेळी भरवसा व्यासावर ठेवावा.

चुंबकाबाबत आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे: चिकटले म्हणजे खोटे. तसे नाही. १९४७ चा जॉर्ज सहाव्याचा, मागे वाघ असलेला रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चुंबकाला चिकटते. तो चिकटला नाही, तरच संशय घ्यावा. ब्रिटनचे १ पेनीचे नाणे १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे झाले, त्यामुळे नवे चिकटते आणि जुने कांस्याचे चिकटत नाही. अमेरिकेचा १९४३ चा सेंट पोलादाचा असल्याने चिकटतो. तांबे-निकेलच्या मिश्रणाची नाणी मात्र चिकटत नाहीत आणि जगातली बरीचशी पांढरी नाणी याच मिश्रणाची आहेत.

कड

नाणे उभे धरून भिंगाखाली हळूहळू फिरवा. कड साधी आहे, खाचांची आहे, खाचा तुटक आहेत की अक्षरे कोरलेली आहेत, ते बघा. २ युरोच्या नाण्याच्या खाचांवरचा मजकूर देशागणिक बदलतो, काही देशांचा मात्र एकच असतो; त्यामुळे दर्शनी बाजू झिजली तरी कडेवरून देश कळतो किंवा निदान यादी छोटी होते. अमेरिकेच्या पाव डॉलरच्या कडेवर तांबूस पट्टी दिसली तर तो १९६५ किंवा त्यानंतरचा तांबे-निकेलचा आहे; पट्टी नसून सगळी कड पांढरी असेल तर ९० टक्के चांदीचा जुना असण्याची शक्यता मोठी. कडेच्या मधोमध बारीक सांध्याची रेघ सगळीकडून फिरलेली दिसली तर जपून राहा. दोन अर्ध्या तबकड्या साच्यात ओतून जोडलेल्या नकली नाण्याची ही खूण असते.

कड बघून झाली की नाणे उभ्या अक्षावर फिरवून पाहा. वरची-खालची टोके बोटांच्या चिमटीत धरा आणि दाराचे पान फिरवावे तसे फिरवा. मागची बाजू सरळ आली तर ती ब्रिटन, भारत, जपान, युरो देश यांची पद्धत. उलटी आली तर अमेरिका, थायलंड किंवा युरोआधीचा फ्रान्स असू शकतो. एकटी ही खूण पुरेशी नाही, पण ज्या देशाचे नाणे सरळ यायला हवे ते उलटे आले, तर पुढे पैसे टाकण्याआधी थांबायला हवे.

वर्ष: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि एक धोकाही. फायदा असा की देवनागरी अंक वाचता येतात. धोका हा की वाचलेले वर्ष इसवी सनाचे आहे असे आपण धरून चालतो.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या तांब्याच्या पैशावर घोड्याचा खूर आणि तलवार असते आणि खाली १९४९ असे स्पष्ट दिसते. स्वातंत्र्यानंतरचे नाणे समजून लोक ते रद्दीच्या भावात देऊन टाकतात. ते वर्ष विक्रम संवताचे आहे. त्यातून ५७ वजा करा: १८९२. नेपाळच्या नाण्यांनाही हाच हिशेब. अक्षरे देवनागरी आणि चित्रात त्रिशूळ किंवा खड्ग, म्हणून ती एखाद्या संस्थानाची वाटतात, पण ‘नेपाल’ हा शब्द सापडला आणि वर्ष २००० च्या पुढचे असले की प्रश्न मिटला. २०४० म्हणजे १९८३.

अरबी अंकांचा घोळ याहून मोठा. आपल्या ओळखीच्या आकारांनाच तिथे भलता अर्थ आहे. शून्य म्हणजे फक्त एक टिंब. आपल्याला शून्य वाटणारे गोल वर्तुळ म्हणजे ५. आपल्या मराठी १ सारखा दिसणारा आकडा म्हणजे ९. इंग्रजी सातासारखा दिसतो तो ६. खाली टोक केलेला खुला कोन ७ आणि तोच उलटा, टोक वर, म्हणजे ८. उभी काठी १; काठीच्या डोक्यावर उजवीकडे एक खाच असेल तर २ आणि दोन खाचा असतील तर ३. इंग्रजी ३ आरशात बघावा तसा ४. भाषा उजवीकडून डावीकडे लिहिली जात असली तरी अंक आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे.

सौदीच्या एखाद्या हलाला नाण्यावर काठी, दोन खाचांची काठी, मराठी १ सारखा आकडा, एका खाचेची काठी असे दिसले तर ते १३९२. हे हिजरी वर्ष. हिजरी वर्ष चांद्रमासांचे, म्हणजे सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. वर्षाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा: १३९२ गुणिले ०.९७ म्हणजे १३५०, अधिक ६२२ म्हणजे १९७२. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो.

इराणचे वर्ष सौर असल्याने तिथे सरळ ६२१ मिळवायचे. पण इराणच्या नाण्यावर २५३५, २५३६ किंवा २५३७ दिसले तर गोंधळू नका. १९७६ ते १९७८ मध्ये शहाने वेगळी गणना लागू केली होती. त्यातून ५५९ वजा करा. थायलंडच्या वर्षातून ५४३ वजा: २५३० म्हणजे १९८७. इस्रायलच्या वर्षातून ३७६०.

जपानमध्ये वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीपासून मोजतात. शोवा काळ असेल तर १९२५ मिळवा, हैसेई असेल तर १९८८, रेवा असेल तर २०१८. १०० येनवर ५३ दिसले तर शोवा ५३, म्हणजे १९७८. पण १० दिसले तर? शोवा आणि हैसेई यांतले कोणते हे अंकाजवळच्या पहिल्या चिन्हावरून ठरते. हैसेईचे चिन्ह सोपे आहे: दोन आडव्या रेघा, मधून खाली उतरणारी एक उभी रेघ आणि दोन बाजूंना दोन तिरके ठिपके. शोवाच्या चिन्हात डाव्या हाताला मधे आडवी रेघ असलेली उभी चौकट असते. ५ येनच्या नाण्यावर ओळखीचा एकही अंक नसतो, म्हणून त्याला पुष्कळ जण चिनी समजतात. त्याचे चित्र लक्षात ठेवा: भाताची लोंबी, खाली पाण्याच्या रेघा आणि मधल्या भोकाभोवती दातेरी चाक.

बांगलादेशच्या नाण्यावर इंग्रजी आठासारखा दिसणारा आकडा ४ असतो आणि इंग्रजी नवासारखा दिसणारा ७. तिथे कमळासारखे शापला फूल दिसले की आकडे बंगालीच आहेत असे धरून वाचावे.

देशाचे नाव, चित्र आणि त्यातली बारीक चिन्हे

रोमन लिपीतही देश स्वतःचे नाव आपापल्या भाषेत लिहितात. हेल्व्हेटिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी फिनलंड, मग्यार हंगेरी, स्वेरिये स्वीडन, ह्रवात्स्का क्रोएशिया. रशियन लिपीतली तीन ‘सी’ आणि एक ‘पी’ इंग्रजी वाटतात, पण ती एसएसएसआर अशी वाचायची: सोव्हिएत संघ.

काही चिन्हे तर स्वाक्षरीसारखी असतात. छोटे बदाम डेन्मार्कचे. फुलीसारखे एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे नॉर्वेच्या कोंग्सबर्ग टांकसाळीचे. ताडाखाली दोन तलवारी सौदीच्या, शिडाचे गलबत बहुधा कुवेतचे, कॉफीची सुरई अमिरातीच्या दिरहमवर, तलवारींवर खंजीर ओमानचा. भोकाभोवती हस्तिदंत असतील तर ब्रिटिश पूर्व आफ्रिका. तिकडे व्यापाराला गेलेल्या गुजराती कुटुंबांमुळे ही नाणी आपल्या शेजारी पुष्कळ आली आणि तिथून नंदुरबारकडच्या बाजारांत पोचणे साहजिक आहे.

स्वित्झर्लंडच्या फ्रँकची रचना पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे. उभ्या स्त्रीभोवतीचे तारे मोजा: २२ असतील तर नाणे १९८३ पूर्वीचे, २३ असतील तर नंतरचे. जुरा हा नवा प्रांत झाला म्हणून एक तारा वाढला. १९६७ पर्यंतचे फ्रँक चांदीचे, त्यामुळे वर्षही काळजीपूर्वक वाचावे.

ब्रिटिश राजांच्या बाबतीत चेहऱ्याची दिशा कामाला येते. एडवर्ड सातवा उजवीकडे बघतो, जॉर्ज पाचवा डावीकडे, एलिझाबेथ उजवीकडे, चार्ल्स तिसरा डावीकडे. प्रत्येक नवा राजा उलट्या दिशेला, असा रिवाज आहे. जॉर्ज सहावा मात्र वडिलांसारखाच डावीकडे बघतो. जॉर्ज पाचव्याच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती सोंड आखूड असल्याने डुकरासारखा दिसला, लोकांनी नाराजी दाखवली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. झग्यावर भिंग धरा आणि त्या प्राण्याची सोंड बघा. वर्ष झिजले असले तरी उत्तर मिळेल.

वर्षाखालचा ठिपका

टांकसाळीची खूण बहुधा वर्षाच्या खाली किंवा शेजारी असते. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, भरीव ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. आपली काही नाणी परदेशातही पाडून घेतली गेली, त्यामुळे १९८५ पासूनच्या काही रुपयांवर आणि पैशांवर वेगळीच अक्षरे दिसतात: ओटावाचे ‘सी’, बर्मिंगहॅमचे ‘एच’, स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साचे ‘एमके’. ही नाणी परदेशी नव्हेत. ब्रिटिश काळातल्या १९४० च्या दशकातल्या नाण्यांवर ‘एल’ दिसला तर ती लाहोरला पाडलेली.

सराफाच्या दुकानात सगळ्यात महत्त्वाची खूण गिन्नीवर, म्हणजे सॉव्हरिनवर असते. घोड्यावरचा सेंट जॉर्ज अजगराला मारतो आहे, त्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्ट्यावर, वर्षाच्या अगदी वर एक बारीक अक्षर असू शकते. ‘एस’ सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ, ‘एसए’ दक्षिण आफ्रिका. ‘आय’ म्हणजे इंडिया: जुन्या गिन्न्यांत हे अक्षर फक्त १९१८ सालच्या, मुंबईत पाडलेल्या नाण्यांवर येते. २०१३ पासूनच्या नव्या भारतीय गिन्न्यांवर ते पुन्हा आले. उजवीकडे ‘बी. पी.’ ही शिल्पकार पिस्त्रुची यांची आद्याक्षरे असतात. नकली गिन्नीत हीच अक्षरे आधी मिसळून ठिपका होतात. वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी जास्त आणि वजन बरोबर असेल तर धातू हलका आहे.

पुतळीचा उगमही अशाच एका परदेशी नाण्यात आहे. व्हेनिसचे डुकाट व्यापारातून इथे आले. त्यावर एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात ख्रिस्त, अशा मानवी आकृत्यांमुळे त्याला पुतळी म्हटले गेले. खरे डुकाट सुमारे ३.५ ग्रॅमचे आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचे. आकृत्यांभोवतीच्या लेखातली अक्षरे भिंगाखाली सलग वाचता आली तर व्हेनिस. अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या आणि टिंबे असतील तर आपल्याकडच्या कारागिराने पाहून घडवलेली पुतळी. सोने म्हणून दोन्ही खरी असू शकतात, पण नाणे म्हणून पहिलेच.

पाण्यातली परीक्षा

खुणा पटल्या तरी धातू पटायला हवा. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुना एक तोळा (बाजारातला आजचा तोळा १० ग्रॅमचा आहे, दोन्हींत गल्लत करू नका). १९३९ पर्यंतचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा, १९४० ते १९४५ चा ५० टक्के. वजन तेच, त्यामुळे काट्यावर फरक कळत नाही. पाण्यात कळतो.

पंखा बंद करा, वाऱ्याने काटा हलतो. अर्धा ग्लास पाणी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे हाताने लोंबते धरा. तळाला आणि काचेला ते अजिबात लागता कामा नये. नाण्याला चिकटलेले बुडबुडे ओल्या बोटाने काढा. एका मोठ्या बुडबुड्यानेही उत्तर बिघडते. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेले पाणी. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा.

११.६६ ग्रॅमच्या रुपयाने १.१३ दाखवले तर भागाकार १०.३ येतो: ९१.७ टक्के चांदी. १.२२ दाखवले तर सुमारे ९.५, म्हणजे ५० टक्क्यांचा. १.३५ च्या आसपास आले तर ८.६, ती जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्ताचे मिश्रण, त्यात चांदी नसते) आणि रुपया नकली. १९३९ चा रुपया दुर्मिळ असल्याने पुढच्या वर्षाचे आकडे कोरून बदललेले रुपये विकले जातात. भिंगाखाली नवाच्या पोटाभोवतीचा पृष्ठभाग बघा आणि मग पाण्याचा आकडा. ९.५ आले तर वर्ष काहीही लिहिलेले असो, तो १९३९ चा नाही.

३ ग्रॅमहून हलक्या नाण्यावर ही परीक्षा करू नका. सारलेले पाणीच इतके थोडे असते की काट्याच्या शेवटच्या अंकाने उत्तर तीन-चार टक्क्यांनी हलते.

ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या थेलर या मोठ्या चांदीच्या नाण्याबद्दलही इथेच सांगायला हवे. त्यावर १७८० असते, पण राणीच्या मृत्यूनंतरही तेच वर्ष घालून ते अनेक टांकसाळींत पाडले गेले, १९४०-४१ मध्ये मुंबईतही. म्हणून १७८० वाचून कोणी अठराव्या शतकाची किंमत सांगत असेल तर ती देऊ नका. वजन २८.०६ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के, एवढे मात्र जुळायला हवे.

बाजारात भेटणारी खोटी नाणी

‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८, यूकेएल वन आणा’ असे लिहिलेले आणि राम दरबार, हनुमान किंवा कमळ असलेले तांब्याचे नाणे यात्रेत आणि आठवडे बाजारात सर्रास दाखवतात. कंपनीने असे चलन कधी काढलेले नाही. ती देवघरातली टोकन आहेत. तांदूळ ओढणारे ‘चमत्कारी’ नाणे म्हणून तेच लाखांना विकायचा प्रयत्न होतो आणि त्यात आपल्या भागातली कुटुंबे जमिनी गमावून बसतात. कोणी असा प्रयोग दाखवला तर सरळ पोलिसांत जा. ‘२ युरोच्या ताऱ्यात एस असेल तर लाखो रुपये’ हीदेखील अफवा. ग्रीसची २००२ ची ती नाणी फिनलंडमध्ये पाडली गेली म्हणून तो ‘एस’ आहे आणि ती भरपूर आहेत. जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता.

नांगरताना किंवा पाया खोदताना नाणी सापडली तर ती वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा जमिनीतला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शिवाय ठेवा एकत्र राहिला तरच त्याचा काळ ठरवता येतो. शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर नेण्यावरही बंदी आहे.

ओळख पटली की लगेच कागदाच्या पाकिटावर पेन्सिलीने वजन, व्यास, चुंबक, कड, वाचलेले मूळ वर्ष आणि त्याचे इसवी सन असे सगळे लिहून ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात नाणी ठेवू नका. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात गेला की ते प्लॅस्टिक घामेजते आणि तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. पत्र्याच्या गच्चीखालच्या खोलीपेक्षा खालच्या मजल्यावरचे आतले कपाट बरे, आणि पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा.